नंबर कुणाच्या नावावर?

धंदा बसला की गटाच्या बैठकीत खर्चाची यादी निघते. कापडाला पर्याय नसतो, मसाल्याला मिरची लागतेच, जागेचे भाडे घरमालक सोडत नाही. मग यादीच्या तळाशी असलेल्या बाबींवर बोट जाते. मोबाइलचा रिचार्ज, इंटरनेट, प्रिंटरची शाई, यूपीएसची बॅटरी आणि कॉम्प्युटरवर हिशेब लिहिणाऱ्या मुलीचे मानधन. ‘हे बंद करा, घरच्याच कुणाच्या तरी मोबाइलवर भागवू,’ असा ठराव होतो आणि तो एकमताने होतो. नागपुरातल्या लहान महिला उद्योगांचे हिशेब आणि कॉम्प्युटर सांभाळण्याचे काम मी करते. माझे म्हणणे असे, की या ठरावाने वाचणारे पैसे अगदी थोडे असतात आणि हातची जाते ती धंद्यावरची मालकी.

आयटी म्हटले की नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे मिहान येते, काचेच्या इमारती येतात. आमचे आयटी वेगळे. एक मोबाइल, एक जुना कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीवर चिकटवलेला क्यूआर कोड आणि व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ऑर्डरी. शिवणकेंद्र असो, पापड-शेवयांचा गट असो की सावजी मसाल्याची पाकिटे भरणाऱ्या बायका असोत, सगळीकडे एवढाच संसार. आणि तो हौसेने मांडलेला नाही. ८ नोव्हेंबर २०१६ला नोटा रद्द झाल्या तेव्हा बायकांनी पिठाच्या डब्यात, साड्यांच्या घडीत ठेवलेले पैसे घरच्यांपुढे उघडे पडले आणि बाजारातली रोकड आटली. १ जुलै २०१७ला जीएसटी आला. वस्तू विकणाऱ्यांना आज वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, तरी इतवारीतला घाऊक व्यापारी ‘नंबर आहे का?’ असे आधी विचारतो. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली, आणि देश पुन्हा उघडल्यावरही १५ ते २१ मार्च २०२१ या आठवड्यात नागपूर शहर परत बंद झाले. त्या काळात ज्यांच्याकडे फोनवर ऑर्डर घेण्याची सोय होती त्या कशाबशा तगल्या. म्हणजे दर मंदीने आम्हांला यंत्राकडे ढकलले, आणि दर मंदीत आमच्याच हातून यंत्राचा खर्च कापला गेला.

आता मालकीचे सांगते. परवाने, नोंदण्या, बँक, सरकारी पोर्टल, सगळ्यांची किल्ली आज एकच आहे, ती म्हणजे मोबाइलवर येणारा ओटीपी. तो ज्याच्या फोनवर येतो त्याच्या हातात धंदा. उद्योगाची कागदपत्रे बाईच्या नावाची असतात, कारण महिला उद्योजक म्हणून सवलत मिळते. पण अर्ज भरताना नंबर घातला जातो नवऱ्याचा, दिराचा, कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा किंवा सरळ एजंटाचा. ई-मेलही त्यानेच काढलेला. विचारले की उत्तर ठरलेले, ‘माह्या पोट्ट्याले सगळं समजते, मले काय करा लागते!’ पोट्टा पुण्याला नोकरीला गेला की ताई सकाळी त्याला फोन लावते, तो मीटिंगमध्ये असतो, आणि इकडे ओटीपीची वेळ संपून जाते. हे हसण्यावारी नेता येते. नवऱ्याशी बेबनाव झाला की हसू संपते. उत्तर नागपुरातल्या एका शिवणकेंद्राच्या चालिकेने घर सोडले तेव्हा शिलाई मशिने तिच्याबरोबर आली, पण जीएसटीचे लॉगिन, ग्राहकांची यादी आणि पाच वर्षांच्या ऑर्डरींचा व्हॉट्सॲप नंबर नवऱ्याच्या खिशात राहिला. जीएसटीचा नंबर बदलून घ्यायला आपल्या हद्दीतल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, तो केला, खेपा घातल्या, काम झाले. ग्राहकांच्या यादीसाठी मात्र कुठल्याच कार्यालयात अर्ज करता येत नाही.

जुन्या कार्यकर्त्यांना शेतकरी संघटनेचा लक्ष्मीमुक्ती कार्यक्रम आठवत असेल. १९९०च्या सुमारास गावोगावी पुरुषांना जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायला लावला गेला. त्या कार्यक्रमावर आपल्यात वाद झाले, तरी सातबाऱ्यावर नाव कुणाचे हा प्रश्न त्याने चव्हाट्यावर आणला. पुढे १९९४मध्ये महाराष्ट्राने वारसा कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला. घर, जमीन, दागिने यांबद्दल आपण इतकी वर्षे बोलतो आहोत. मोबाइल नंबर आणि पासवर्ड हीसुद्धा मिळकत आहे, हे अजून आपल्या शिबिरांच्या विषयपत्रिकेत आलेले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या बायका देशात सुमारे ५४ टक्केच निघाल्या. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. तेव्हा ‘घरच्या कुणाच्या तरी मोबाइलवर भागवू’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘घरच्या पुरुषाच्या मोबाइलवर’ असाच होतो.

भिंतीवरचा क्यूआर कोडही तपासून पाहा. गटाचे बँक खाते दोघी-तिघींच्या सहीने चालते, आणि अशा संयुक्त सहीच्या खात्याला यूपीआय सहसा जोडता येत नाही. मग कुणाचा तरी खाजगी क्यूआर लावला जातो. दहा बायकांची मजुरी एकाच्या खात्यात जमा होते, तो त्यातून घराचा हप्ता भरतो आणि महिन्याच्या शेवटी ‘देतो ना’ म्हणतो. चोरी कुणी म्हणत नाही, कारण तो गटातल्याच बाईचा मुलगा असतो. व्यापाऱ्याचा, फक्त पैसे जमा होणारा क्यूआर गटाच्या खात्याला मिळेल का, हे आपल्या बँकेत लेखी विचारावे. तोवर गटाने ठराव करून एका सभासदीचे वेगळे खाते फक्त याच कामाला ठेवावे, दर आठवड्याला रक्कम गटाच्या खात्यात वळती करावी आणि ती वहीत चढवावी.

म्हणून हात आखडताना सगळ्यात शेवटी कापायची गोष्ट म्हणजे गटाचा स्वतःचा नंबर. इथे मंदीत एक नेमका घोटाळा होतो. धंदा बंद म्हणून रिचार्ज बंद. प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते, आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला जातो. नंबर गेला की त्याच्या मागे बँक, जीएसटी, उद्यम, सगळ्यांच्या किल्ल्या गेल्या. जुलै २०२४मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी दर वाढवले, त्यामुळे बायकांचा नाइलाज मला कळतो. पण डिसेंबर २०२४मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त बोलणे आणि एसएमएस यांचे, इंटरनेट नसलेले पॅक ठेवायला लावले. ओटीपीला एसएमएस पुरतो. साधा बटणांचा फोन घ्यावा, गटाचे सिम त्यात घालावे आणि तो रोकडीच्या पेटीत, पेटीच्याच नियमाने ठेवावा. पेटीची किल्ली जिच्याकडे, फोन तिच्याकडे, आणि पाळी बदलली की दोन्ही हाती द्यायचे. त्याच नंबरावर काढलेले व्हॉट्सॲप आम्ही दुसऱ्या कुणा सभासदीच्या मोठ्या फोनवर चालवत आलो आहोत. आमच्या तीन गटांत हे चालू आहे. पहिला विरोध अर्थातच मुलांनी केला.

मशीनच्या बाबतीत मात्र बिनदिक्कत कंजुषी करावी. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०च्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या आणि लगेच बर्डीतल्या दुकानांतून सल्ले सुरू झाले, ‘आता नवीनच घ्या ताई.’ साधारण २०१७-१८च्या आधीची बरीचशी मशिने विंडोज ११ घेत नाहीत हे खरे. पण चिठ्ठ्या, बिले, दरपत्रक आणि हिशेब एवढेच काम असेल तर त्याच मशीनवर लिनक्स फुकट चालते, लिब्रे ऑफिस फुकट मिळते, त्याचे मेनूसुद्धा मराठीत करता येतात. फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली की दहा वर्षांचे मशीन पुन्हा पळायला लागते आणि नव्याच्या तुलनेत फार थोडा खर्च येतो. रॅम वाढवायची असेल तर आधी चौकशी करा. २०२५च्या अखेरीस जगभर मेमरी चिपांचे भाव चढले, जुन्या मशीनची वापरलेली रॅम शोधणेच परवडते. चोरीचे टॅली शंभर-दोनशे रुपयांत टाकून देणारे भेटतात, त्यांना दारातूनच परत पाठवावे. त्या सीडीबरोबर काय काय येते ते एका गटाने पाहिले आहे. सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर पैशांची मागणी आली. त्यांच्याकडे हाताने लिहिलेली वही होती म्हणून निभावले. तेव्हा वही बंद करू नका. आणि महिन्याला एकदा सगळ्या फायली पेनड्राइव्हवर उतरवून तो दुसऱ्या सभासदीच्या घरी ठेवा. जुन्या फाँटात टाइप केलेली दरपत्रके असतील तर ती युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून घ्या, नाहीतर मशीन बदलल्यावर मराठीच्या जागी किडेमुंग्या दिसतात.

आपल्या गावाचे एक वेगळे दुखणे आहे, ते पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सापडत नाही. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की कॉम्प्युटर आणि कूलर एकाच खोलीत, बऱ्याचदा एकाच बोर्डावर चालतात. कूलरची ओली हवा आणि धूळ थेट मशीनमध्ये जाते, ताट्या सुकल्या की नुसती गरम धूळ. यूपीएसची बॅटरी उन्हाने वेळेआधीच मरते. मशीन कूलरच्या झोतातून बाजूला सरकवणे, दर पंधरा दिवसांनी धूळ काढणे आणि दुपारी १ ते ५ ते बंद ठेवून सकाळी काम उरकणे, याला एक पैसा लागत नाही. दुरुस्तीवाल्याची निम्मी बिले याने वाचतात असे मला माझ्याच वह्यांवरून दिसते.

राहिला प्रश्न मानधनाचा. याबद्दल आपल्यातच पुरेसा राग नाही, याचे मला वाईट वाटते. नाबार्डने १५ मार्च २०१५ला बचत गटांच्या नोंदी संगणकावर आणण्याचा ई-शक्ती प्रकल्प सुरू केला, त्याच्या पहिल्या दोन जिल्ह्यांत आपला धुळे होता. तेव्हापासून नोंदी, ॲप, फोटो, आधार जोडणी यांची कामे वाढतच गेली. ती करते कोण? गटातली जरा शिकलेली मुलगी किंवा सून. शिलाईला नगामागे दर आहे, पापड लाटण्याला किलोमागे दर आहे, पण रात्री ११ वाजता फोनवर नोंदी भरणाऱ्या मुलीला ‘तुला येते ना, मग कर’ एवढेच मिळते. स्वयंपाक येतो म्हणून फुकट करायचा, हेच तर आपण इतकी वर्षे नाकारत आलो! घरातले न मोजलेले श्रम नाकारणाऱ्या संघटना स्वतःच्या गटात न मोजलेले श्रम चालवून घेतात, आणि मंदी आली की हेच मानधन पहिल्यांदा कापतात. मुलगी कंटाळून जाते, पासवर्ड तिच्याबरोबर जातो आणि गट पुन्हा पोट्ट्याच्या दारात उभा राहतो.

काही मैत्रिणी म्हणतात, ही यंत्रेच बायकांवर पाळत ठेवतात, त्यांच्या नादी लागू नये. पाळतीचे म्हणणे मला मान्य आहे. पण आम्ही ॲप उघडले नाही म्हणून परवान्याची तारीख थांबत नाही. बाहेर राहिलेली बाई त्या एजंटाच्या हाती पडते जो उद्यम नोंदणीचे पैसे घेतो. ती नोंदणी १ जुलै २०२०ला सुरू झाली तेव्हापासून पूर्ण फुकट आहे. फसवणूक झाली तर १९३० या नंबरावर ताबडतोब फोन करायचा असतो, हेही बाहेर राहणारीला कुणी सांगत नाही.

२०२४मध्ये शाळांचे गणवेश माविममार्फत बचत गटांकडून शिवून घ्यायचे ठरले आणि वर्ष संपता संपता ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. अशा कामाच्या भरवशावर मशीन, प्रिंटर घेतलेल्या गटाकडे पुढच्या वर्षी यंत्रे राहतात आणि काम राहत नाही. मी पाहिलेल्या प्रकल्प अहवालांत शिलाई मशीनला रकाना असतो, कच्च्या मालाला असतो, कॉम्प्युटर खरेदीलाही असतो. रिचार्ज, दुरुस्ती, बॅटरी आणि नोंदी करणारीचे मानधन यांना रकानाच नसतो, म्हणून कर्ज मंजूर होताना ते धरले जात नाहीत. हे चार रकाने आपण माविमच्या जिल्हा कार्यालयात आणि बँकेत एकत्र जाऊन मागायला हवेत. जाताना मागच्या सहा महिन्यांच्या रिचार्जच्या आणि दुरुस्तीच्या पावत्या बरोबर न्याव्या, आणि ज्या पाचजणी जाणार त्यांत नोंदी करणारी मुलगी असावीच, कारण आकडे तिलाच पाठ असतात.