घराण्याचं नाव

‘पोलंडमधल्या कायद्याचं आपल्या अंकात काय काम?’ संपादन गटाच्या बैठकीत एकीने विचारलं. प्रश्न रास्त होता. लोकानुनयी राजकारण, परराष्ट्रसंबंध आणि होलोकॉस्टची, म्हणजे नाझींनी केलेल्या सुमारे ६० लाख ज्यूंच्या संहाराची स्मृती, यांवर अलीकडे झालेलं संशोधन मी गेले काही महिने वाचते आहे. त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो: ‘चांगलं नाव’. तो वाचला की मला आमचं सल्ला केंद्र आठवतं. मारहाण झालेली बाई आत येते आणि मागोमाग घरचा कोणीतरी येऊन सांगतो, ‘आमच्या घराण्याचं नाव आहे हो.’ तिच्या पाठीवरचे वळ खरे की खोटे, याबद्दल तो बोलतच नाही.

२०१८च्या जानेवारीत पोलंडच्या संसदेने राष्ट्रीय स्मृती संस्थेचा कायदा बदलला. नाझी जर्मनीच्या गुन्ह्यांची जबाबदारी तथ्यांविरुद्ध पोलिश राष्ट्रावर वा राज्यावर टाकली, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकणार होती. हेतू सांगितला गेला तो राष्ट्राच्या नावाच्या रक्षणाचा. कला आणि संशोधन यांना सूट होती. शाळेतल्या बाई, पत्रकार, आपल्या गावात काय घडलं ते सांगणारी म्हातारी, यांना नव्हती.

पोलंडची बाजू आधी नीट समजून घ्यायला हवी. त्या देशावर जर्मनीने कबजा केला होता. ऑशविट्झसारख्या छावण्या जर्मनांनी उभारल्या आणि जर्मनांनीच चालवल्या. मारल्या गेलेल्या ज्यूंपैकी सुमारे ३० लाख पोलंडचे नागरिक होते, शिवाय ज्यू नसलेले लाखो पोलिश लोकही मेले. ज्यूंना वाचवल्याबद्दल इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने ७०००हून अधिक पोलिश स्त्रीपुरुषांचा गौरव केला आहे, आणि एवढी संख्या दुसऱ्या कुठल्याही देशाची नाही. ‘पोलिश छावण्या’ असं कोणी लिहिलं की तिथल्या माणसाला राग येतो, तो साहजिकच आहे.

पण त्याच देशात १० जुलै १९४१ रोजी येडवाबने गावी पोलिश गावकऱ्यांनी आपल्या ज्यू शेजाऱ्यांना कोठारात कोंडून जाळलं. चिथावणी जर्मनांची, हात शेजाऱ्यांचे. सरकारी तपासात किमान ३४० बळी ठरले. यान ग्रॉस यांच्या २०००च्या पुस्तकाने हे जगापुढे आणलं आणि २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्वाश्नियेव्स्की यांनी जाहीर माफी मागितली. पुढे २०१५ ते २०२३ सत्तेवर राहिलेल्या ‘कायदा आणि न्याय’ पक्षाच्या गोटात अशा माफीला ‘शरमेचं शिक्षण’ म्हणत.

लोकानुनयी नेता ओळखायची साधी खूण यान-वेर्नर म्युलर या राज्यशास्त्रज्ञांनी सांगितली आहे: खऱ्या जनतेचा प्रतिनिधी मी एकटाच, असा त्याचा दावा असतो. मग ती जनता निष्पापच असावी लागते. तिच्या हातून काही घडलं असं म्हणणारी व्यक्ती जनतेतली राहत नाही, घरभेदी ठरते.

येलेना सुबोटिच यांनी २०१९च्या आपल्या पुस्तकात हाच धागा परराष्ट्रसंबंधांपर्यंत नेला आहे. त्यांनी सर्बिया, क्रोएशिया आणि लिथुआनिया हे देश तपासले. राज्यांनाही ‘आम्ही कोण’ याची एक कहाणी लागते आणि ती हलली की ती अस्वस्थ होतात, असं त्या म्हणतात. युरोपच्या पंगतीत बसायचं म्हणून या देशांनी होलोकॉस्टचं स्मरण स्वीकारलं. पण त्याची प्रतीकं वापरून सांगितलं ते मुख्यतः कम्युनिस्ट राजवटीत स्वतः सोसलेलं. सोसलेलं खरंच होतं, म्हणून तर ही युक्ती चालते.

पोलंडच्या कायद्यावर इस्राएल आणि अमेरिका दोघेही चिडले. २७ जून २०१८ रोजी पोलंडने शिक्षेची कलमं मागे घेतली आणि दोन्ही पंतप्रधानांनी संयुक्त निवेदन काढलं. त्यातल्या इतिहासावर याद वाशेमच्याच इतिहासकारांनी कडक टीका केली. हे म्हणजे दोन घरच्या कर्त्यांनी ओटीवर बसून तडजोड करावी आणि आतल्या बाईला निरोप पाठवावा, तसं झालं.

तुरुंगाची धास्ती गेली, तरी दावे होतेच. बार्बारा एंगेलकिंग आणि यान ग्राबोव्स्की यांनी २०१८ मध्ये संपादित केलेल्या दोन खंडांत एका ज्यू स्त्रीची हकिकत आहे. गावच्या प्रमुखाने तिला वाचायला मदत केली, आणि लुबाडलंही. युद्धानंतरच्या खटल्यात तिने त्याच्या बाजूने साक्ष दिली. १९९६च्या मुलाखतीत मात्र तिने वेगळं सांगितलं: जंगलात लपलेल्या ज्यूंच्या मरणात त्याचा हात होता. प्रमुखाच्या पुतणीने काकाच्या नावासाठी दावा लावला. तिच्यामागे उभ्या राहिलेल्या संघटनेचं नावच ‘चांगल्या नावाचा बुरूज’ असं आहे. पुस्तकात एका तपशिलात दोन माणसांची गल्लत झाली होती, ती एंगेलकिंग यांनी मान्य केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने माफीचा हुकूम दिला. ऑगस्टमध्ये अपिलात तो रद्द झाला.

‘आधी एक बोलली, नंतर दुसरंच, मग खरं काय?’ हा प्रश्न आपल्यापैकी कोणी कोर्टात ऐकला नसेल? ज्याच्यामुळे जीव वाचला आणि ज्याने लुटलं तो माणूस एकच असेल, तर बाई कोणती साक्ष कधी देते, हे समजायला कायद्याच्या पुस्तकापेक्षा जास्त काही लागतं. बायकांचे अनुभव वेगळे म्हणून ऐकायला होलोकॉस्टच्या अभ्यासकांनीही वेळ लावला. जोन रिंगेलहाइम आणि एस्थर कॅट्झ यांनी १९८३ मध्ये न्यू यॉर्कला त्यावर परिषद भरवली. ज्यू स्त्रियांवरच्या लैंगिक हिंसेवरचा हेजपेथ आणि सायडेल यांचा ग्रंथ आला तो २०१० मध्ये. मधल्या काळात आक्षेप होता की बायकांचा प्रश्न वेगळा काढला तर मूळ शोकांतिका उणी होते. हे वाक्य तर आपल्याला पाठच आहे.

वाचवणाऱ्यांची आठवण मात्र सरकारांना आवडते. मार्कोवा गावी उल्मा कुटुंबाने आठ ज्यूंना आसरा दिला. २४ मार्च १९४४ रोजी जर्मन पोलिसांनी त्या ज्यूंना, उल्मा नवराबायकोला आणि त्यांच्या सहा मुलांना ठार केलं. विक्टोरिया तेव्हा गरोदर होती. २०१६ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं, ते योग्यच झालं. पण त्यांची खबर एका पोलिश पोलिसाने दिली असं मानलं जातं, आणि ती गोष्ट भाषणांत क्वचितच येते.

अशा आठवणीत आपलाही वाटा आहे. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. हे मुख्यतः सोव्हिएत सत्तेने सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलेले ख्रिस्ती लोक. त्यांची गोष्ट होलोकॉस्टहून निराळी आहे, दोन्हींची सरमिसळ करू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्साच्या कोल्हापूर स्मारकाला वंदन केलं. मलाही वाचून बरं वाटलं. पण परक्या मुलखात पाच वर्षं संसार ओढलेल्या त्या बायका आणि शेजारच्या गावांतल्या आपल्या बायका एकमेकींशी कशा वागल्या, हे स्मारकावर कसं असणार?

ज्यांच्या घरी वळिवड्याच्या छावणीच्या आठवणी आहेत त्यांनी आम्हाला जरूर लिहावं. आजीने, मावशीने सांगितलेलं चालेल. गोड असेल तसं कडूही पाठवा.