कर्झन स्ट्रीटचे चार खांब
बर्मिंगहॅमचं कर्झन स्ट्रीट स्थानक १८३८ साली सुरू झालं, ते लंडनच्या युस्टनचं जोडीदार म्हणून. रॉबर्ट स्टीफन्सनने बांधलेल्या ११२ मैलांच्या लोहमार्गाची दोन्ही टोकं फिलिप हार्डविकने सजवली: तिकडे डोरिक कमान, इकडे चार भव्य आयोनिक खांब. पण स्थानक पडलं शहराच्या कडेला. १८५४ मध्ये भरवस्तीत न्यू स्ट्रीट स्थानक उघडलं आणि प्रवासी तिकडे वळले. इथे १९६६ पर्यंत मालवाहतूक तेवढी चालली. युस्टनची कमान तर १९६१-६२ मध्ये, लोक कळकळीने विरोध करत असताना, पाडून टाकली. निव्वळ करंटेपणा! म्हणूनच मागे उरलेल्या या इमारतीचं मोल मला फार वाटतं. आता तिच्या शेजारीच एचएस-टू या अतिवेगवान रेल्वेचं नवं स्थानक उभं राहतंय, तेही कर्झन स्ट्रीट याच नावाने.