पऱ्हाटीवरचं भरीत
दसरा उलटला की एरंडोलच्या बाजारात भरताची हिरवी वांगी दिसू लागतात आणि खानदेशी घराला हुरूप येतो. सरपणाला पैसा लागत नाही. गेल्या हंगामातली कपाशीची वाळकी पऱ्हाटी परसात रचलेली असतेच. वांग्याला तेलाचा हात लावून टोचायचं, जाळावर साल काळी पडून सुटेपर्यंत फिरवायचं. गॅसवर ही चव येत नाही, हे मी ठामपणे सांगते. मग भाजलेल्या हिरव्या मिरच्या नि लसूण घालून ठेचायचं. फोडणीत शेंगदाणे, कांद्याची पात, आणि तेलाला हात आखडता नको. सोबत नव्या उडदाची, ज्वारी मिसळून दळलेली कळण्याची भाकरी. शेजारच्या काकूंकडेही वाडगाभर जातं, कारण भरीत मोजून करायची आमच्याकडे रीत नाही.