मिठाईच्या खोक्यावरचं चित्र

बालदोस्तांनो, मिठाई संपल्यावर तिच्या रिकाम्या खोक्याचं तुम्ही काय करता? कुणी त्यात पेन्सिली ठेवतं, कुणी गोट्या, तर कुणी बाहुलीचं घर करतं. खरं ना? आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीने दिवाळीच्या सुट्टीनंतर असंच एक खोकं शाळेत आणलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

"बाई, हे माझ्या पप्पांचं चित्र!"

मी बघितलं, तर खरंच की! पोळ्याचा सजवलेला बैल आणि त्याला पुरणपोळीचा घास भरवणारी आजी. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मग तुझ्या पप्पांचं नाव कुठंय?"

तिने खोकं उलटंसुलटं करून पाहिलं. दुकानाचं नाव होतं, छापखान्याचं होतं, वजनही होतं. पप्पांचं नाव मात्र कुठेच नव्हतं. "पैसे किती मिळाले गं?" दुसऱ्याने विचारलं. ती काही बोलली नाही. खोकं दप्तरात घालून गुपचूप जागेवर जाऊन बसली.

मुलांनो, त्या दिवशी माझीच मान खाली गेली. का, ते सांगते.

तिचे पप्पा पेंटर आहेत. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्सचे फलक आल्यापासून पाट्यांचं काम फार कमी झालं. तरी रात्री जेवणं झाल्यावर ते स्वतःच्या आवडीची चित्रं काढतात. त्यातलंच हे बैलाचं चित्र त्यांनी शाळेला भेट दिलं होतं. दिवाळीआधी आमच्या गावातले मिठाईवाले शेठ शाळेत आले. चित्र त्यांना आवडलं. मोबाईलवर फोटो काढून त्यांनी मला विचारलं, "बाई, खोक्यावर छापू का?" मी म्हटलं, "छापा की! चित्र शाळेचंच आहे."

इथेच माझं चुकलं. चित्राचा कागद शाळेचा होता, पण ते छापण्याचा हक्क शाळेचा नव्हता. तो चित्रकाराचाच होता.

तुम्ही गोष्टीचं पुस्तक विकत आणता. ते वाचा, मित्राला द्या, उशाशी घेऊन झोपा. पण त्याच्या हजार प्रती छापून बाजारात विकता येतील का? नाही ना? चित्राचंही तसंच आहे. आपल्या देशात १९५७ साली कॉपीराइटचा कायदा झाला. कॉपीराइट म्हणजे निर्मितीच्या प्रती काढण्याचा हक्क. स्वतःच्या मनाने काढलेल्या चित्रावर चित्रकाराला तो चित्र काढल्याबरोबर मिळतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. चित्रकार हयात असेपर्यंत आणि त्याच्यामागे ६० वर्षं हा हक्क टिकतो.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले आणि माफी मागितली. पेंटरदादा म्हणाले, "जाऊ द्या बाई, चित्र चार घरांत गेलं, हेच पुष्कळ." पण वहिनी आतून म्हणाल्या, "चित्र गेलं खरं, पण ते कुणी काढलं, हे त्या घरांना कुठं कळलं?" यावर मी काय बोलणार?

मग दुसऱ्या दिवशी मी शेठजींच्या दुकानात गेले. वाटलं, आता भांडण होणार. पण शेठजी चकितच झाले. "बाई, मी पुठ्ठ्याचे पैसे दिले, छपाईचे दिले, मजकूर जुळवणाऱ्याचेही दिले. चित्राचेही दिले असते! पण चित्र असं मागून, पैसे भरून वापरायला मिळतं, हे मला कुणी सांगितलंच नाही."

पाहिलंत? शेठजी लबाड नव्हते, त्यांना फक्त माहीत नव्हतं. आणि शिकवणं हेच जिचं काम, त्या बाईंनाही माहीत नव्हतं! पुष्कळ दुकानदारांना वाटतं की चित्र हवं असेल तर एक तर ते कायमचं विकत घ्यावं, नाहीतर कुठून तरी उचलावं. मधली एक सोपी वाट आहे, ती त्यांच्या ध्यानातच येत नाही. तिचं नाव परवाना, म्हणजे लायसन्स.

लग्नात मांडववाल्याकडून मोठी भांडी आणतात, ठाऊक आहे ना? काम झालं की भाडं देऊन परत करायची. भांडी मांडववाल्याचीच राहतात. परवाना जवळजवळ तसाच. फरक एवढाच, की एक पातेलं एका दिवशी एकाच लग्नात जातं. चित्र मात्र एकाच वेळी मिठाईच्या खोक्यावरही जाईल आणि कॅलेंडरवरही! दोघेही चित्रकाराला पैसे देतील. एखादा व्यापारी म्हणाला, "हे चित्र दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही," तर त्याने जास्त पैसे मोजायचे.

ही गोष्ट तशी जुनीच आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. त्यांची देवदेवतांची चित्रं त्यामुळे घरोघरी पोचली. पुढे तो छापखाना त्यांनी श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकला. तेव्हा चित्रं छापण्याचे हक्कही त्यांनी त्याला दिले. म्हणजे यंत्रं वेगळी, मूळ चित्रं वेगळी आणि छापण्याचा हक्क वेगळा, असा हिशेब तेव्हाही होता. रविवर्मा १९०६ साली वारले, त्यामुळे त्यांची चित्रं आज कुणीही छापू शकतो.

आता पुढची गंमत ऐका. शेठजी आणि पेंटरदादा माझ्या वर्गात मुलांच्या छोट्या बाकांवर बसले, आणि आम्ही एक पत्र लिहिलं. अशी परवानगी लेखीच हवी, असं कायदा सांगतो. पत्रात काय लिहिलं? चित्र कोणतं, ते कशावर छापायचं, खोकी किती, किती दिवसांसाठी, कुठल्या भागात विकायची, पैसे किती आणि केव्हा द्यायचे, चित्रात बदल करायचा का, आणि चित्रकाराचं नाव कुठे छापायचं. मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. जागा लिहिली नाही, तर सारा भारत! म्हणून आधीच लिहिलेलं बरं. आणि हो, पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या चित्राचा हक्क काही वेळा काढून घेणाऱ्याकडे जातो. त्यामुळे तिथेही कामाआधीच कागद करावा.

झाल्या खोक्यांचेही पैसे शेठजींनी दिले. पुढच्या दिवाळीला नवी खोकी आली. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं : 'चित्र' आणि पुढे पप्पांचं नाव. आमच्या मुलीने ते बोट ठेवून सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं. या वेळी तिने खोकं दप्तरात लपवलं नाही.

तुम्ही म्हणाल, "बाई, मग आम्ही वहीत चित्र बघून काढायचंच नाही की काय?" काढा की! वर्गात शिकताना चित्र बघून काढायला कायद्याची आडकाठी नाही. प्रश्न येतो तो ते छापून विकण्याचा.

या आठवड्याचा उद्योग असा. घरातली खोकी, कॅलेंडरं, वह्यांची मुखपृष्ठं गोळा करा आणि कितींवर चित्रकाराचं नाव सापडतं, ते मोजा. स्वतः चित्र काढलंत, तर मागे नाव आणि तारीख लिहायला विसरू नका. आणि आईबाबांचं दुकान किंवा छापखाना असेल, तर आज जेवताना त्यांना एवढंच सांगा : चित्र आवडलं, तर चित्रकाराला शोधून विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत, आणि तो बहुधा आनंदाने हो म्हणतो!

तुमच्या,
बाई