पेन्सिलीआधी कणीक

जून जवळ आला की मुंब्रा-कौसा, राबोडीपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत कितीतरी घरांत एकच घाई सुरू होते. साडेतीन वर्षांच्या मुलासमोर वही उघडली जाते आणि अम्मी सांगते, "आधी एक पान पूर्ण कर, मग खेळ." शेजारच्या मुलाला नाव लिहिता येते, आपला मागे पडेल, ही भीती आम्ही समजू शकतो. पण अशी मुले पहिलीत आमच्यासमोर बसतात तेव्हा अक्षरे ओळखतात, मात्र दोन ओळींतच हात दुखतो म्हणून पेन्सिल खाली ठेवतात. लिहिणे म्हणजे ओरडा, हे त्यांच्या मनात पक्के बसलेले असते.

मनगटात आठ लहान हाडे असतात. या वयात त्यांतली मोजकीच तयार झालेली असतात, बाकी सगळी मऊ कूर्चा. बोटांतही अजून ताकद नसते. ती रेघोट्या गिरवून येत नाही, खेळातून येते.

ही गोष्ट आपल्याच भागात फार पूर्वी करून दाखवली गेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडीचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला नेले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पाने, खडे हेच मुलांचे शिक्षणसाहित्य झाले.

आपल्या वन-रूम-किचनमध्येही हे जमते. पोळ्या करताना कणकेचा गोळा मुलाला द्या. तो मळू दे, लांब वळ्या करू दे. त्याच वळीतून अलिफ होतो आणि देवनागरीचा कानाही. मटार सोलणे, कपड्यांना चिमटे लावणे, जुने वर्तमानपत्र फाडणे, दोरीत मोठे मणी ओवणे यांनी चिमटीत जोर येतो. मणी ओवताना मात्र जवळ बसा, लहान मुले वस्तू तोंडात घालतात. ईदला मेंदीच्या रिकाम्या कोनात पातळ पीठ भरून द्या आणि ताटात नक्षी काढू द्या.

आपल्या मुलांना उर्दू उजवीकडून आणि मराठी डावीकडून लिहायची असते. त्याचाही खेळ करता येतो. फरशीवर खडूने रस्ता काढा. "उर्दूची गाडी" उजवीकडून निघेल, "मराठीची गाडी" डावीकडून. ताटात रवा पसरून बोटाने हेच वळण काढू द्या.

एक गोष्ट दादी-नानींनाही सांगावीशी वाटते. मूल पेन्सिल डाव्या हातात धरत असेल तर हात बदलायला लावू नका. जेवण उजव्या हाताने, हा आपला अदब आहे, तो प्रेमाने शिकवा. लिहिण्याचा हात मात्र मुलालाच ठरवू द्या.

पाच वर्षे पूर्ण होऊनही चमचा नीट धरता येत नसेल किंवा मोठे बटण लावता येत नसेल, तर रागावण्याऐवजी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

रोज वीस मिनिटे अशी द्या. वही थोडी उशिरा उघडली तरी बिघडत नाही.