पुढच्या बाळंतपणाआधी मागच्याची नोंद

देशात रुग्णालयांत होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण दीड दशकात दुपटीहून अधिक झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये ते ३८.७ टक्के होते; २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर पोहोचले. २००५ मध्ये सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेचा या वाढीत मोठा वाटा आहे. मात्र प्रसूतीनंतर दोन दिवसांच्या आत आरोग्य कर्मचाऱ्यांकडून तपासणी झालेल्या मातांचे प्रमाण त्याच सर्वेक्षणात ७८ टक्के होते. म्हणजेच रुग्णालयाची पायरी चढलेल्या काही मातांनाही बाळ जन्मल्यानंतर आवश्यक काळजी मिळाली नाही.

प्रसूती पार पडली की सर्वांचे लक्ष बाळाकडे वळते. गर्दीच्या कक्षात बाळंतिणीच्या टाक्यांच्या वेदनेकडे दुर्लक्ष होते, स्तनपानासाठी मदतीऐवजी बोलणी ऐकावी लागतात आणि खाट रिकामी करण्यासाठी तिला घाईने घरी सोडले जाते. अशी स्त्री पुन्हा गरोदर राहते, तेव्हा तिच्या मनातील धास्ती निराधार नसते. ‘बाळ सुखरूप आहे ना, मग झाले तर!’ असे म्हणून घरात हा विषय बहुधा संपवला जातो.

वैद्यकीयदृष्ट्याही हा विषय संपलेला नसतो. अतिरक्तस्रावाचा धोका प्रसूतीनंतरच्या पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो आणि आधीच्या खेपेस तो झाला असल्यास पुन्हा होण्याची शक्यता वाढते. उच्च रक्तदाबाचेही तसेच आहे. त्यामुळे मागील प्रसूतीनंतर काय घडले, जखम चिघळली का, मन दीर्घकाळ उदास राहिले का, हे पहिल्याच तपासणीत सांगणे आणि माता व बाल संरक्षण कार्डावर नोंदवून घेणे हिताचे ठरते. २०१६ पासून दरमहा ९ तारखेला होणारी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानातील तपासणी त्यासाठी उपयुक्त आहे.

आपले हक्क ठाऊक असणे, ही दुसरी तयारी. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, औषधे, तपासण्या आणि घरी परतण्यासाठी वाहन विनामूल्य मिळते. साध्या प्रसूतीनंतर तीन दिवसांपर्यंत, तर सिझेरियननंतर सात दिवसांपर्यंत मोफत आहाराचीही तरतूद आहे. प्रसूतीच्या वेळी नात्यातील एका स्त्रीला सोबत थांबू देण्याची मुभा केंद्र सरकारने २०१६ मध्ये दिली. घरी परतल्यावर ४२ दिवसांत आशा स्वयंसेविकेच्या सहा भेटी अपेक्षित असतात. मानसिक ताण असह्य झाल्यास टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक उपलब्ध आहे.

तथापि, सारी जबाबदारी गरोदर स्त्रीवर टाकणे न्याय्य नाही. प्रसूती कक्षातील सेवेचा दर्जा उंचावण्यासाठी २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम, तर सन्मानपूर्वक सेवेची हमी देणारा ‘सुमन’ हा उपक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. पुरेशा परिचारिका आणि पुरेशा खाटा असल्याखेरीज ही हमी बाळंतिणीच्या खाटेपर्यंत पोहोचणार नाही. रुग्णालयात किती प्रसूती झाल्या, याची मोजदाद आता होते. त्या माता कोणत्या अवस्थेत घरी परतल्या, याचीही मोजदाद तितक्याच काटेकोरपणे व्हायला हवी.