दोघींच्या अद्भुतकथांसाठी मागणीपत्र

स्वारगेट, पुणे

प्रति,
दिवाळी अंकांचे संपादक, पुस्तक प्रकाशक, कथास्पर्धांचे संयोजक आणि ग्रंथालयांचे कार्यवाह यांस,



आम्ही अद्भुतकथा लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या बायका. कुणी पुण्यातल्याच, कुणी सातारा, भोर, बारामतीहून येणाऱ्या. एस.टी. आणि मेट्रो दोन्ही हाताशी, म्हणून बैठक स्वारगेटला. आवडत्या कादंबरीतली राज्ये, मांत्रिक, भुयारे उचलायची आणि त्यांत आपली कथा रचायची, हा आमचा उद्योग. आताच्या पिढीत त्याला फॅन फिक्शन म्हणतात. दोन सज्ञान स्त्रियांची प्रेमकथा हा त्यातला आमचा लाडका प्रकार. या कथा आमच्यात हातोहात वाचल्या जातात. छापायला दिल्या की परत येतात. परत करताना दोनच कारणे सांगतात. पात्रे उसनी आहेत, आणि आमचा अंक कौटुंबिक आहे.

उसन्या पात्रांचा आक्षेप मराठीने तरी घेऊ नये. गो. ना. दातारांच्या 'कालिकामूर्ती' आणि 'इंद्रभुवनगुहा' या कादंबऱ्यांवर वाचकांच्या पिढ्या पोसल्या. त्यांची मुळे रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकारात आहेत. त्याआधी 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) या कादंबऱ्यांनी संस्कृत कथांतले राजपुत्र, विरह आणि योगायोग आपलेसे केले होते. दुसऱ्याच्या घरातले साहित्य घेऊन आपला स्वयंपाक करणे ही मराठी अद्भुतरम्य कादंबरीची जुनी चाल आहे. आम्ही त्यात एवढीच भर घालतो, की नायिकेची चिठ्ठी पोचवणारी, तिच्यासाठी रात्र जागवणारी, आणि शेवटच्या प्रकरणात लग्नाच्या गर्दीत हरवून जाणारी सखी आमच्या कथेत हरवत नाही. ती चिठ्ठी तिच्याच नावाची असते.

कायद्याची मर्यादा आम्हाला ठाऊक आहे. हयात लेखकाची किंवा हक्क चालू असलेली पात्रे घेऊन लिहिलेली कथा विकायला काढा, असे आमचे म्हणणे नाही. ती कथा आम्ही आपसातच वाचू. पण 'वीरधवल' या अद्भुतरम्य कादंबरीचे लेखक नाथमाधव १९२८ साली गेले. लेखकाच्या पश्चात ६० वर्षे चालणारा हक्क तिथे केव्हाच सरला. त्या दुनियेत कुणीही शिरावे, मग आम्हीच का नको?

'कौटुंबिक अंक' या कारणाबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठीत नाहीच, असे नाही. तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले, रोहिणी हट्टंगडींनी सुमित्रा देव, म्हणजे मित्रा, उभी केली. ज्या कथेतून ते नाटक निघाले, तिच्यावरच्या रवी जाधव यांच्या 'मित्रा' या लघुपटाला पुढे राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. नाटकाच्या मोठेपणाबद्दल आमच्यात दुमत नाही. मात्र नाटकातली मित्रा शेवटी मरते. चर्चासत्रांत वर्षानुवर्षे तिचेच नाव घेतले जाते आणि तेवढ्यावर विषय मिटतो. दुःखाने संपणारी एक मित्रा कुटुंबाला चालते. दोघींनी मिळून राक्षसाचा किल्ला जिंकला आणि संसार थाटला, की अंक अचानक कौटुंबिक होतो! सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञानांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. विवाहाची मागणी २०२३ साली मान्य झाली नाही, हेही खरे. पण कथेतल्या लग्नाला निबंधकाची सही लागत नाही.

म्हणून आमच्या मागण्या.

कथेला माप एकच लावा. राजपुत्र-राजकन्येच्या चुंबनाला जे चालते, ते दोन राजकन्यांनाही चालू द्या. प्रसंग उघड असेल तर 'प्रौढांसाठी' असे छापायला आमची ना नाही. तीच सूचना तशाच स्त्री-पुरुष कथेवरही हवी. एकीला पुरुष करा, किंवा शेवटी एकीला मारा, म्हणजे घेतो, अशा सूचना बंद कराव्यात. भाषा ढिली असेल, कथानक रेंगाळत असेल, तर बेलाशक परत पाठवा. आमच्यातल्या काहींच्या कथा रेंगाळतात, हे आम्ही एकमेकींना तोंडावर सांगतो.

टोपणनाव मान्य करावे आणि खरे नाव संपादकाच्या टेबलापलीकडे जाऊ नये. १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला, गदारोळ उठला. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, हे वाचकांना नंतर कळले. आमच्यात शिक्षिका आहेत, बँकेतल्या आहेत, सासरी एकत्र कुटुंबात राहणाऱ्या आहेत. नाव फुटले तर बातमी कथेची होत नाही, घराची होते. मानधन मात्र टोपणनावालाही द्यावे.

स्पर्धांच्या नियमांत 'स्वतंत्र कल्पना' या अटीचा अर्थ स्पष्ट करावा: हक्कमुक्त साहित्यावर बेतलेली नवी कथा चालते की नाही, ते लिहून द्या. ग्रंथालयांनी असे पुस्तक आले तर ते समाजशास्त्राच्या किंवा मानसशास्त्राच्या कपाटात न टाकता कादंबऱ्यांत ठेवावे.

आमच्याकडून काही बंधने आम्ही आधीच घातली आहेत. प्रेमकथेतल्या दोघीही सज्ञान असतील, आणि ते कथेतूनच कळेल; शाळकरी नायिका घेतलेली कथा आम्ही स्वतःच बाजूला ठेवतो. जिवंत, खऱ्या व्यक्तींवर, मग त्या नट्या का असेनात, प्रेमकथा रचायची नाही. मूळ लेखकाचे आणि कृतीचे नाव कथेच्या डोक्यावर द्यायचे.

दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यापूर्वी सुरू होते. आपला होकार-नकार त्याआधी, लेखी आणि कारणांसह कळावा. सोबत चार कथा जोडल्या आहेत. त्यांतली दुसरी लांब आहे, पण ती आधी वाचावी.

आपल्या,
स्वारगेटच्या बैठकीतल्या लेखिका आणि वाचक